शेवटच्या कडव्याला घसरणारा

मी माइकचा स्टँड बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आयुष्यभर बोलले आणि गायले ते दुसरेच. मी आपला त्यांच्यापुढे उभा. आणि खरं सांगायचं तर तेवढंही मला कधी धड जमलं नाही.

माझा मधला पेच बसवताना कारागिराचं लक्ष जेवणाच्या सुटीकडे असावं. नळी वर केली की थोडा वेळ टिकायची, मग हळूहळू खाली यायची. नाव स्टँड, आणि उभं राहता येईना! लाऊडस्पीकरवाल्याने मला जवळजवळ फुकटात चर्चच्या तरुण संघाच्या गळ्यात बांधलं.

त्या वर्षी तरुणांचा संगीत महोत्सव पहिल्यांदाच भरला. महोत्सव हे नाव मोठं. चर्चमागची खोली, चार बाकं, कुरकुरणारा पंखा, आणि गाणाऱ्यांपेक्षा ऐकणारे कमी. हे सगळं उभं केलं होतं एका तरुण शिक्षिकेने. मुलं तिला ताई म्हणायची. पाळकसाहेबांना गिटार आणि प्रार्थना एका खोलीत नको होत्या. तिने त्यांचं डोकं खाऊन खाऊन परवानगी मिळवली होती.

ताईने स्वतः रचलेलं गीत सुरू केलं आणि शेवटच्या कडव्याला मी घसरलो. तिचे दोन्ही हात गिटारवर. करणार काय? माझ्याबरोबर तीही गुडघ्यांत वाकत गेली. मागे साथ देणाऱ्या मुलामुलींना वाटलं, असंच ठरलंय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही. मग सगळी मुलंही वाकली. गाणं संपलं तेव्हा सगळी गुडघ्यांवर, आणि पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी.

"काय ही नम्रता!" ते म्हणाले. "दरवर्षी हे झालंच पाहिजे."

ताईने मान खाली घालून हसू दाबलं, माझ्या नळीवर टिचकी मारली आणि पुटपुटली, "गप्प बस हं." मी गप्प बसलो. बसण्यात मी पहिल्यापासूनच हुशार.

तेव्हापासून शेवटच्या कडव्याला गुडघे टेकायची रीतच पडली. दुसऱ्या गावांतली पथकं आपापले मजबूत स्टँड घेऊन यायची आणि तरीही वाकायची. परीक्षक त्याला गुण देऊ लागले. एका पाळकांनी तर त्यावर अख्खं प्रवचन दिलं. ढिल्या पेचाचा त्यात उल्लेख नव्हता, आणि मी तरी कशाला करू? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

महोत्सव वाढला. खोलीतून शाळेच्या मैदानात गेला, मैदानातून मोठ्या सभागृहात. रंगीत दिवे आले, बिनतारी माइक आले, आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथे माझ्यावर ओले कोट वाळायचे. एकदा कुणीतरी मला उघड्या खिडकीला टेकू म्हणून लावलं, तिथेही घसरलो. मनात एकच इच्छा उरली होती: एकदा, एक अख्खं गाणं ताठ उभं राहायचं.

यंदा ती पुरी झाली. ताई आता म्हातारी झालीय. आजारपणात पाय गेले, आवाजही बारीक झाला. पण चाकांच्या खुर्चीतून येईन, पहिलं गीत गाईन, आणि तेही माझ्या जुन्या स्टँडपुढेच, असा तिने हट्ट धरला. साऊंडवाल्याने मला शोधून काढलं, हलवून पाहिलं, कपाळाला हात लावला, आणि नवा पेच घालून पक्कड घेऊन आवळला. "आता भूकंप झाला तरी हलायचा नाही!" उंची त्याने उभ्या माणसाची धरली. खुर्चीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

केवढा ताठलो होतो मी!

ताईची खुर्ची पुढ्यात आली. माइक तिच्या डोक्याच्याही वर. तिची भाची माइक काढायला धावली, तर ताईने तिला थांबवलं. "राहू दे गं. येतो तो खाली आपोआप. मला माहितेय त्याची खोड."

आणि ती गाऊ लागली. गाता गाता वर माझ्याकडे बघत राहिली. मी जीव खाऊन घसरायला बघत होतो. जन्मभर कुणी न सांगता घसरलो, आणि आज तसूभर सरकेना. दैव देतं आणि कर्म नेतं, ते असं. मागचं पथकच तेवढं ऐकू येत होतं. ताईचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचत नव्हता. रडता आलं असतं तर तिथेच गंजलो असतो.

शेवटचं कडवं आलं. रीतीप्रमाणे सगळं पथक तिच्या खुर्चीभोवती गुडघ्यांवर आलं. तेव्हा कुठे त्यांचे कान तिच्या तोंडाशी आले आणि ती त्यांना ऐकू आली. एकेकाने आवाज खाली आणला, मग सगळेच थांबले. ताईने ते कडवं एकटीने, माइकशिवाय, शेवटपर्यंत म्हटलं.

मग हात लांब करून तिने मला टिचकी मारली. "अरे मेल्या, आजच शहाणं व्हायचं होतं तुला?" आणि साऊंडवाल्याला म्हणाली, "याचा पेच ढिला कर."

"पण मावशी, मग हा घसरेल ना!"

"घसरू दे. पुढच्या वर्षी मी येणारेय."

तो "करतो" म्हणाला आणि सामान आवरायच्या गडबडीत विसरला. मी पुन्हा त्याच खोलीत आहे, ताठच्या ताठ. कोटसुद्धा आता माझ्यावर छान राहतात. पण तुमच्यापैकी कुणी पक्कड घेऊन इकडून जाणार असेल, तर क्षणभर थांबा. दोनच आटे सैल करा. पुढच्या वर्षी तिला वर बघायला लावायचं नाहीये मला.