टेबलामागच्या मनोरमाबाई

मी काजळराव बोलतोय. खरं तर आजवर मी स्वतः एक शब्दही बोललेलो नाही. बोलल्या त्या मनोरमाबाई; मी फक्त चोच हलवली आणि नाव कमावलं. असं पुष्कळांचं होतं, पण कबूल कोण करतो?

मी हातात चढवायचा कापडी कावळा. बाईंचे यजमान श्रीरंगराव, त्यांच्या फाटक्या छत्रीतून माझं अंग शिवलं, जुन्या वहाणेतून चोच निघाली. डोळ्यांना दोन बटणं लावली, ती एका मापाची मिळाली नाहीत. त्यामुळे मी जन्मतःच संशयी दिसतो.

दर रविवारी मुलांच्या कार्यक्रमात मी टीव्हीवर यायचो. फुशारक्या मारायचो, पाढे चुकायचो आणि घरोघरची मुलं ओरडून मला सुधारायची. बाई तेव्हा टेबलामागे उकिडव्या बसलेल्या, हात डोक्याच्या वर, मान वाकडी. हात भरून आला की मी बुडाल्यासारखा खाली जायचो. मग त्या पटकन माझ्या आवाजात म्हणायच्या, "थांबा, जरा बसून सांगतो." लोक म्हणायचे, काय ऐट आहे कावळ्याची!

पुढे रंगीत टीव्ही आला. माझ्यात काडीचा फरक पडला नाही.

मग कार्यक्रम बंद झाला. मी निर्मळ गावातल्या घरात, उशीच्या अभ्र्यात, डांबरगोळ्यांच्या सहवासात राहू लागलो. बाजारात बाईंना कोणी ओळखत नसे. ओळखणार कसे? त्यांचा चेहरा कोणी पाहिलाच नव्हता. बाईंना त्याचं काही वाटत नाही, असं त्या म्हणत. श्रीरंगरावांना मात्र ते सलत असे.

मध्यंतरी गावच्या वाचनालयाने बाईंचा सत्कार ठरवला. चिटणीस कौस्तुभ घरी आला. वय पन्नाशीचं, पण मला पाहताच शाळकरी झाला.

"काकू, काजळरावांना नक्की आणा हं!"

"आणि मी घरी थांबू का?"

"छे छे, तुम्हीही या की!"

श्रीरंगरावांनी बिस्किटांची बशी आत नेली.

सत्काराच्या दिवशी निघताना ते बाईंना म्हणाले, "हे बघ, मुकाट्याने खुर्चीत बसायचं. एकदा तरी लोकांना तुझं तोंड दिसू दे."

"या वयात काय पाहायचंय माझं तोंड!" असं म्हणत बाई केसांतला चाफा नीट करायला तिसऱ्यांदा आरशाकडे गेल्या.

हॉल भरलेला. बाई मला मांडीवर घेऊन खुर्चीत अगदी शहाण्यासारख्या बसल्या. कौस्तुभने नाव पुकारलं, मांडववाल्या गॅब्रिएलने मोठ्या दिव्याचा झोत सोडला. दिवा तोंडावर आला मात्र, बाईंनी मला हातात चढवलं आणि थेट टेबलामागे बसकण मारली! सवय हो. दिवा लागला की खाली बसायचं, हे अंगात इतकं मुरलेलं, की त्यांनी गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.

टाळ्यांचा कडकडाट झाला. कौस्तुभने भारावून शाल मलाच पांघरली.

"अगं, वर ये!" पहिल्या रांगेतून श्रीरंगराव ओरडले.

"येऊ कशी?" उत्तर माझ्या आवाजात गेलं. "गुडघे धरलेत! उचला कुणीतरी!"

हॉल हसून लोटपोट. बाई खरोखर अडकल्या होत्या आणि लोक 'वन्स मोअर' ओरडत होते. शेवटी गॅब्रिएलच्या ध्यानात आलं.

"आंटी, हात द्या माझ्याकडे. हळू, हळू!"

एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने श्रीरंगराव. बाई वर आल्या तेव्हा चाफा कानावर, चष्मा तिरका. चाळिशी-पन्नाशीतली माणसं त्या चेहऱ्याकडे बघतच राहिली.

मागून एक बाई म्हणाली, "अय्या! काजळराव म्हणजे बाई होत्या?"

मनोरमाबाईंनी मला हातातून काढून टेबलावर ठेवलं. चष्मा सरळ केला आणि माझ्याविना, माझ्याच आवाजात म्हणाल्या, "होतो. अजून आहे!"

सगळा हॉल उभा राहिला. श्रीरंगरावांनी माझ्या अंगावरची शाल ओढून बाईंच्या खांद्यावर घातली. मी रागावलो नाही. छत्रीच्या कापडाला थंडी वाजत नाही.

हल्ली बाजारात लोक स्कूटर थांबवून बाईंची खुशाली विचारतात. माझी चौकशी कोणी करत नाही. मी अभ्र्यात सुखी आहे. एवढंच मागणं आहे: कधी एखाद्या बाहुल्याला टाळ्या वाजवल्यात, तर थोडं वाकून टेबलामागेही बघा. तिथे कोणी असेल तर आधी हात द्या. बाहुल्याला नसले, तरी त्याच्या माणसाला गुडघे असतात.