दुसऱ्या क्रमांकाचं उत्तर

मी एक उत्तर बोलतोय. परीक्षेच्या पेपरातलं नव्हे, 'उकल' नावाच्या संकेतस्थळावरचं.

प्रोग्रॅमिंग करणारी मराठी माणसं तिथं एकमेकांना अडचणी विचारतात. एक जण प्रश्न टाकतो, बाकीचे उत्तरं लिहितात आणि वाचणारे मतं देतात. वरचा बाण दाबला की आम्ही वर चढतो, खालचा दाबला की घसरतो. ज्या उत्तराने काम भागलं त्याला विचारणारा हिरवी खूण देतो. नियम मोडला असं वाटलं तर तक्रार करता येते. तक्रारी पाहतात राखणदार. सभासदांनी निवडून दिलेली, फुकट राबणारी ही पाच माणसं.

माझा जन्म रोह्यातला, जुलैमधल्या एका दुपारचा. मला लिहिणारा सुशील. धाटावच्या एका केमिकल कंपनीत तो यंत्रांचे मीटर सांभाळतो. प्रोग्रॅमिंग शिकला ते हौसेने, पेणच्या एका क्लासात. त्या दिवशी पहिली शिफ्ट करून आला, बूट काढले आणि मनाली, त्याची बायको, चहा गाळत होती तेवढ्यात लॅपटॉप उघडून बसला.

प्रश्न होता जोहे गावच्या नम्रताचा. तिच्या वडिलांचा गणपतींच्या मूर्तींचा कारखाना. मूर्ती कुणी नोंदवली, केवढी, कोणत्या रंगाची, याची यादी तिने स्वतः संगणकावर बसवली होती. पण 'गोऱ्हे' हे आडनाव शोधलं की कधी सापडे, कधी नाही. डोळ्यांना दोन्ही गोऱ्हे सारखेच दिसत. असं का होतं, असं तिने विचारलं होतं.

कारण साधं आहे. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एका तऱ्हेत मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. माणसाला ते दिसत नाही, संगणकाला दिसतं. सुशीलला हे ठाऊक होतं. त्याने लिहिलं, "सगळ्या यादीतून ते जोडचिन्ह काढून टाका. काम होईल."

एवढाच मी. बारा मिनिटांत जन्मलो. करून बघायला आणखी दोन मिनिटं लागली असती, पण पडद्याच्या कोपऱ्यात किमयाच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटला होता आणि सुशीलला तिच्याआधी पोचायचं होतं.

किमया पेणच्या रामवाडीची. क्लासात सुशीलच्या मागच्या बाकावर बसायची. तिचा पहिला प्रोग्रॅम चालेना तेव्हा चूक शोधून दिली होती ती सुशीलनेच. आता 'उकल'वर तिचे गुण त्याच्याहून जास्त होते. गणपतींआधी राखणदाराची एक जागा भरायची होती आणि त्या जागेसाठी उभे होते दोघंच, सुशील आणि किमया.

मला पहिल्या तासात चार मतं मिळाली. मग ती आली. ती म्हणजे किमयाचं उत्तर. लांबलचक, दर ओळीखाली कारण दिलेलं. जोडचिन्ह काढू नका, असं त्यात होतं. मूळ नाव तसंच ठेवा, शोधण्यापुरती त्याची एक प्रत करा आणि त्या प्रतीत दोन्ही तऱ्हांचा र एकसारखा करून घ्या. संध्याकाळपर्यंत तिला अकरा मतं पडली. मी चारवरच. लोक माझ्याकडे येत, अर्धी ओळ वाचत आणि वर तिच्याकडे जात. तिच्यातलं खरं-खोटं मी तपासलंच नाही. तिची लांबी तेवढी डोळ्यांत सलत होती.

सुशीलने दोनदा वाचलं तिला. मनाली म्हणाली, "च्या निवला तुमचा."

"हिला एवढं लांबण लावायला कोणी सांगितलं होतं?" सुशील म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्याने पाच जणांकडून 'उकल'वर खाती उघडून घेतली. मी त्याच्या मोबाइलवर उघडाच होतो.

शेजारी बसलेला साहिल म्हणाला, "पण यात लिवलंय काय ते मला कळत नाय."

"तुला कळायला कशाला हवं? वरचा बाण दाब."

धाटाव येईस्तोवर मी नऊवर गेलो. तरी दोन कमीच. मग सुशीलने तक्रारीचा रकाना उघडला. यंत्राकडून लिहून घेतलेलं उत्तर 'उकल'वर चालत नाही, उत्तर स्वतःचं हवं, हा तिथला सगळ्यात कडक नियम. सुशीलने लिहिलं, "ही भाषा माणसाची वाटत नाही." बसमधल्या पाच जणांनी तेच लिहिलं. सहा तक्रारी झाल्या की उत्तर आपोआप झाकलं जातं आणि चौकशी होईपर्यंत लिहिणाऱ्याला गप्प बसावं लागतं.

ती माझ्या डोक्यावरून नाहीशी झाली. आता पानावर मी एकटाच होतो. तेवढं सुख मला पुन्हा कधी मिळालं नाही. नम्रताने मला हिरवी खूण दिली तेव्हा सुशीलने मनालीला हाक मारून पडदा दाखवला.

आठवडाभराने माझ्याखाली नम्रताची टिप्पणी आली. "तुम्ही सांगितलंत तसं सगळ्या यादीवर केलं. आता गोऱ्हेंचं गोर्हे झालंय, कुऱ्हाडेंचं कुर्हाडे. गोऱ्हे काका पावती घेऊन आले, यादीत नाव सापडलं नाही. त्यांची मूर्ती कुणी नोंदवलेलीच नाही असं समजून पनवेलच्या गाडीत चढवून मोकळी झाले होते मी. आता काय करू?"

जोडचिन्ह गेलं की अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. उलटं फिरवायचीही सोय नव्हती, कारण सूर्यवंशींचा र डोक्यावरच असतो. कुठला मूळचा आणि कुठला बिघडलेला, ते संगणक सांगू शकत नव्हता. मी चुकलो होतो. हे तिने, त्या झाकलेल्या उत्तराने, आधीच लिहून ठेवलं होतं आणि मला दुःख झालं ते त्याचंच जास्त.

रविवारी सुशील लॅपटॉप घेऊन जोह्याला गेला. आपणच जाऊन दुरुस्त करावं, म्हणजे बोभाटा होणार नाही, असं त्याच्या मनात होतं. कारखान्यात पाऊल टाकलं तर बिनरंगाच्या मूर्तींच्या रांगेत, पाटावर, किमया बसलेली. पुढ्यात पावत्यांचा ढीग. नम्रता एकेक नाव वाचत होती, किमया टाइप करत होती.

"बरं झालं आलास," किमया म्हणाली. "हिची टिप्पणी वाचली, पण तिथं मला लिहिता येत नाही. मग पेणहून आलेच. हा गठ्ठा तू घे."

सुशील बसला. दोघांनी तासभर नावं घातली. नम्रताचे वडील पोपटशेठ एका मूर्तीच्या सोंडेवर हात फिरवत बसले होते. ते म्हणाले, "हिला गप का बसवलं तुमच्या लोकांनी?"

"मी यंत्राकडून लिहून घेतलं म्हणे," किमया म्हणाली. "पाऊण तास बसले होते मी, काका. दोन्ही तऱ्हा करून बघितल्या आणि मग लिहिलं."

"सकाळपासून हितं बसलीय, पाणी पन मागून घ्यावं लागतं तिला. यंत्र कसं आसंल ती?"

सुशीलच्या हातातली पावती तशीच राहिली.

"ते मी कळवलं," तो म्हणाला. "मी आणि बसमधल्या पाच जणांनी. माझ्या उत्तराला मतंही मीच घालून घेतली."

किमया पडद्याकडे बघत होती. मी तिथंच उघडा होतो, नऊ मतं आणि हिरवी खूण मिरवत.

"का?" तिने विचारलं.

"तू पुढं गेलीस म्हणून."

तिने पुढ्यातला पावत्यांचा ढीग सरळ केला. मग म्हणाली, "हे मला सांगून भागणार नाही. राखणदारांना लिही. आज लिही." आणि थोड्या वेळाने, "पुढचं नाव वाच."

सुशीलने वाचलं. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा यादी पुरी झाली. पनवेलला गेलेली मूर्ती परत येणार नव्हती. पोपटशेठनी गोऱ्हे काकांसाठी तेवढ्याच उंचीची दुसरी रंगवायला घेतली.

त्याच संध्याकाळी सुशीलने साईराजला, राखणदारांतल्या सगळ्यात जुन्या माणसाला, सगळं कळवलं. पाच खाती बंद झाली. माझी पाच मतं गेली, हिरवी खूण गेली. सुशीलचं नाव निवडणुकीतून काढलं आणि सहा महिने त्याला मत देण्याची बंदी झाली. ती पुन्हा माझ्या डोक्यावर येऊन बसली, पहिल्यापेक्षा उजळ. किमया राखणदार झाली.

लोकांनी मग खालचा बाण इतका दाबला की मी शून्याच्याही खाली गेलो, अक्षरं फिकी पडली. सुशीलने किमयाला लिहिलं, "ते उडवून टाक. मला बघवत नाही."

तिचं उत्तर आलं, "नको. वर एक ओळ लिही आणि राहू दे. उद्या आणखी कुणी घाईत हेच करेल, त्याला दिसायला हवं."

म्हणून माझ्या कपाळावर आता सुशीलच्या हातची ओळ आहे. "हे वापरू नका, नावं बिघडतात. मी करून न बघता लिहिलं होतं." मला जिवंत ठेवलं तेही तिला लिहिणाऱ्या किमयाने. हे मला अजून पचलेलं नाही.

सुशील आजही 'उकल'वर लिहितो. आता आधी करून बघतो, म्हणून बहुतेक वेळा दुसरा येतो. मनालीला पडदा दाखवायला हाक मारत नाही.

तुम्ही कधी या पानावर आलात तर मला कुठलाच बाण दाबू नका. मला शेवटपर्यंत वाचा, मी कुठं चुकलो ते बघा आणि मग वर तिच्याकडे जा. काम तिथंच होईल. हे सांगताना मला किती जड जातं, ते तुम्हाला कळणार नाही. तिला काल शहाण्णव मतं होती. आज सकाळी सत्त्याण्णव झाली.