पडदा आत घेतला तेव्हा

कियोने दारावर निळा पडदा टांगला, म्हणजे तिचं दुकान उघडलं. आठ माणसं खेटून बसतील एवढी लाकडी फळी, फळीमागे चूल, चुलीवर मुळा, अंडी आणि माशाचे वडे उकळणारं मोठं पातेलं. बाहेर बर्फ पडत होता. ती तांदळाची दारू गरम करायला ठेवत होती तेवढ्यात दार सरकलं.

"या, या!" ती पाठमोरीच म्हणाली.

"आलोच की."

तो आवाज तिने वळायच्या आतच ओळखला. तिचा नवरा, तोकुजी. सहा वर्षं तुरुंगात होता, आणखी दोन बाकी आहेत असं ती धरून चालली होती. त्याने बाहेर हात घालून पडदा काढला, आत आणून जमिनीवर फेकला आणि दाराला कडी घातली.

"पोरगी कुठंय?"

"मला ठाऊक नाही."

त्याने तिच्या केसांना धरून तिचं तोंड फळीवर आपटलं. दात तुटला, तो जिभेखाली गेला.

"कोर्टात तिनं माझ्याकडं बोट दाखवलं होतं," तो म्हणाला. "ते बोट हवंय मला. बाकीची चिझुरू तुला ठेव."

आणि हसला. मारण्याआधी तो पूर्वीही असाच हसायचा.

कियोने रक्त गिळलं. चिझुरू कुठे राहते हे सबंध बंदरात दोघींनाच माहीत होतं. एक ती स्वतः, दुसरी सुतार यासुकेची बायको. तिला कियोने फोनचा नंबर देऊन ठेवला होता, माझं काही बरंवाईट झालं तरच लाव, असं बजावून. आज इथे मेले तरी चालेल, कियोने मनाशी ठरवलं, पण पोरीच्या गावाचं नाव या तोंडातून निघायचं नाही.

पाचाच्या ठोक्याला दाराच्या कागदी तावदानावर सावली पडली. यासुकेच होता. तीस वर्षं तो पाचालाच येत होता. आत दिवा होता, पातेल्याचा वास गल्लीभर होता, तरी म्हाताऱ्याने दाराला हात लावला नाही. पडदा आत आहे म्हणजे मालकिणीला आज कुणी नको आहे. मग दार ठोठावायचं नाही, हा तिथला रिवाज. रिवाज मोडण्यापेक्षा ही माणसं बर्फात उभी राहतील.

"कियो-सान, आज सुट्टी वाटतं?"

तोकुजीने मासे कापायची लांब सुरी तिच्या गळ्याला लावली. "बोल नीट," तो कुजबुजला.

"ताप आलाय, यासुके-सान. माफ करा."

"आवाज बसलाय खरा. जपा हो! मग आज आम्हाला घरचंच जेवण. तापापेक्षा ती शिक्षा मोठी!"

हसत हसत त्याची पावलं दूर गेली. कियोला वाटलं, शेवटचं माणूस गेलं.

"किती आदबीची माणसं," तोकुजी म्हणाला. त्याने तिचा डावा हात फळीवर दाबला. "एकेक बोट. तू सांगेपर्यंत."

पहिलं बोट मोडलं तेव्हा ती ओरडली. दुसऱ्याला तिने ओठ चावून फाडला. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण तोंडातून लाळ आणि रक्ताशिवाय काही निघालं नाही.

"हट्टी तर तू आधीपासूनच आहेस," त्याने चौथं बोट धरलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आजाऱ्याला भेटायचं तर स्वयंपाकाच्या दारानं यायचं. त्या दाराला पडदाही नाही आणि मनाईही नाही. यासुके झाकलेलं भांडं घेऊन, खाली बघत, जोडे काढत बोलतच आत आला.

"पेज आणलीय, कियो-सान. आणि एकटं वाटून घेऊ नका. म्हातारीनं चिझुरूला फोन लावला. पोरगी लगेच निघाली बघा, सातच्या गाडीनं इथं पोचतेय!"

मग त्याने मान वर केली. भांडं हातातून सुटलं.

तोकुजीने कियोचा हात सोडला. "सातची गाडी," तो सावकाश म्हणाला. "आजोबा, तुमचे उपकार झाले."

"हलकट!" म्हातारा तशाच मोज्यांनी त्याच्या अंगावर धावला. तोकुजीने सुरी फिरवली. यासुकेचा दंड कोपरापर्यंत उघडला, तो पेजेत घसरून पडला. तोकुजीने त्याच्या बरगड्यांत दोन लाथा घातल्या आणि पुढच्या दाराची कडी काढायला वळला. स्टेशन दहा मिनिटांवर होतं.

इतका वेळ गप्प राहणं एवढंच कियोचं काम होतं. आता गप्प राहून भागणार नव्हतं. तिने उजवा हात आणि डावं मनगट लावून उकळतं पातेलं चुलीवरून ढकललं. सगळं त्याच्या पाठीवर, मानेवर गेलं. तो जनावरासारखा ओरडला, फिरला, मुळ्याच्या फोडीवर पाय पडून उताणा आपटला. सुरी फळीखाली गेली.

कोपऱ्यात लोणच्याच्या पिंपावर दाबायला ठेवलेला दगड होता. मोडक्या बोटांनी तो धरवेना. तिने मूल उचलावं तसा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला, त्याच्या गुडघ्यावर नेला आणि सोडला.

वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तिने दगड पुन्हा उचलला, पुन्हा सोडला.

"बास, कियो-सान, बास," यासुके भिंतीला टेकून म्हणाला.

"तुम्हाला चालता येतंय?"

"हात कामातून गेला. पाय आहेत."

तिने कमरेचं फडकं दातांनी ओढून त्याच्या दंडाला आवळलं. "मग स्टेशनवर जा. पोरीला फलाटावरूनच परत पाठवा. म्हणावं, आईचा ताप उतरला."

"आधी चौकीवर जातो की."

"चौकीवर आधी गेलात तर ते तास-दोन तास कागद लिहीत बसतील आणि गाडी येऊन जाईल. आधी पोरगी, मग पोलीस."

"आणि तोवर हा?"

तोकुजी कोपरांवर सरपटत दाराकडे निघाला होता. भाजलेल्या मानेतून वाफ निघत होती, तरी तोंडात एकच, "सातची... सातची..."

कियोने दगड पुन्हा छातीशी घेतला आणि दार अडवून उभी राहिली.

"तुम्ही निघा, यासुके-सान," ती म्हणाली. "याचा दुसरा पाय अजून शाबूत आहे."