एका उघाडीने केलेलं स्वागत

मित्रांनो, मी एक जुनी उघाडी आहे. नाव ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. खाडीच्या भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं किंवा बाहेर अडवायचं, त्यासाठी बांधात बसवलेलं मी लाकडी दार. गडब गावच्या सुताराने मला घडवलं, तेव्हा लोक बघायला आले होते. पुढे कुणी फिरकलं नाही. दार गळायला लागलं तरच लोकांना त्याची आठवण होते, आणि मी कधी गळले नाही.

मीठ पिकवणं बंद झालं. माणसं डोलवीला कंपनीत शिफ्टला लागली. मागे उरला एक जनू. मीठ नसलं तरी तो मला वीतभर उचलून थोडं पाणी आगरात घ्यायचा, कारण चैत्रात टिलवे यायचे. चिमणीएवढे पक्षी! उत्तरेकडे हजारो कोस उडण्याआधी आमच्या उथळ चिखलातले किडे खाऊन पोटं भरायचे. शेजारच्या गावातली दिपिका दर रविवारी दुर्बीण घेऊन बांधावर बसे. गेल्या एप्रिलात एका रविवारी सकाळी तिने चारशे बारा मोजले.

त्याच आगरावर भराव टाकून गोदाम बांधायचं घाटत होतं. पक्षी आढळले तर भराव थांबणार होता. त्यानंतरच्या गुरुवारी एक सरकारी साहेब पाहणीला येणार होते.

आदल्या संध्याकाळी पक्षिमंडळाचे अध्यक्ष महिपतीभाऊ आले. त्यांनी आजवर पक्ष्यांपेक्षा हारतुरेच जास्त पाहिले होते.

"जनू, एवढंसं पाणी? साहेबाला काय डबकं दाखवायचं?"

"भाऊ, एवढीशी पाखरां ती. भरल्या पान्यान उभी कशी ऱ्हातील?"

"अरे, पाहुणा येतोय! भरलेलं दिसलं पाहिजे."

त्यांनी स्वतः मला पुरतं वर ओढलं, भरती आत घेतली आणि मला खाली दाबून बसवलं. मी थेंबभर पाणी परत जाऊ दिलं नाही. आयुष्यभर तेच तर शिकले होते.

सकाळी साहेब आले. "वा, काय तळं आहे!" म्हणाले. तेवढ्यात थवा आला, दोनदा फिरला, पाय टेकायला जागा दिसेना, निघून गेला.

"कुणी भरलं हे?" दिपिका रडवेली झाली.

"स्वागताची तयारी केली गो," महिपतीभाऊ म्हणाले.

तिने आपली रविवारच्या नोंदींची वही साहेबांपुढे केली. "रविवारचे पक्षी मी आज कसे मोजू, ताई?" साहेब म्हणाले. त्यांनी कागदावर शून्य लिहिलं, शहाळं प्यायले आणि गेले.

पावसाआधीच भराव पडला. आता माझ्या एका अंगाला खाडी आहे आणि दुसऱ्या अंगाला मुरूम. या चैत्रात टिलवे आले, मुरुमावर घिरट्या घालून पुढे गेले. उपाशीपोटी कुठवर पोचले, मला ठाऊक नाही. जनू आला होता. माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी चूक नाय गो." मला ते पटलं नाही.

मित्रांनो, कुणाचं भलं करायला निघालात, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर रोज त्याच्याजवळ बसणाऱ्याला विचारा. आणि त्याने नको म्हटलं, तर दाराला हात लावू नका. आम्ही दारं फार आज्ञाधारक असतो.