तीन ग्रॅम मीठ

उकंडरावांच्या मूत्रपिंडांचं काम निम्म्याहून खाली आलं होतं. खामगावच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: दिवसभरात वरून घालायचं मीठ, तीन ग्रॅम. पथ्य पाळलं तर डायलिसिस वर्ष-दोन वर्षं लांबेल, असं ते म्हणाले.

जळगाव जामोदजवळच्या त्यांच्या घरात आशाबाईंनी चाळीस वर्षं चमच्यानं आणि चिमटीनं स्वयंपाक केला होता. "ग्रॅम म्हंजे किती, ते मले दाखव," त्या मुलीला म्हणाल्या. काजल खामगावला नोकरी करायची आणि रविवारी घरी यायची. किराणा दुकानातला काटा इतकं कमी वजन दाखवेना. मग ती मसाल्याच्या डब्यातला लहान चमचा आणि मिठाची पुडी घेऊन सराफाकडे गेली.

"आता मिठाचे डाग-दागिने घालतं का वं?" जानराव सराफ हसले. त्यांनी चमचा भरला, कागदाच्या कडेनं वरचं मीठ पाडलं आणि वजन केलं. तीन ग्रॅम, वर एक दशांश.

"दिवसाले एक चमचा," काजलनं घरी सांगितलं. दाराआड कागदही चिकटवला. सपाट, हा शब्द त्यावर लिहायचा राहिला.

सहा आठवड्यांत उकंडरावांचे पाय सुजले. मग आडवं झालं की दम लागू लागला. खामगावला भरती केलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा मिठाचंच विचारलं.

"तीनच ग्रॅम," काजल जरा चिडून म्हणाली. "मी स्वतः मोजून आणलं आहे."

तिसऱ्या दिवशी ती कपडे न्यायला घरी आली. आशाबाई दवाखान्यात न्यायच्या डब्यासाठी दोडक्याची भाजी करत होत्या. मिठातून चमचा वर आला तो शिगेसकट.

"आई, हे काय?"

"काय? एकच चमचा हाय."

"वरचं पाडत नाही तू?"

"काऊन पाडू? सपाट माप तेरवीच्या शिध्याले. जित्या माणसाचं माप शीग लावून भरतात. तुही आजी हातावर मारे मले याच्यासाठी."

काजलनं तो भरलेला चमचा तसाच कागदावर उलटा केला, पुडी बांधली आणि सराफाकडे गेली. ती परतली तेव्हा आशाबाई गॅसपुढे उभ्याच होत्या; थांबवलेली भाजी त्यांनी नुकतीच परत चढवली होती.

"किती भरलं?"

"पाच पूर्णांक सहा."

"म्हंजे दुप्पट?"

"दुपटीच्या जवळ."

आशाबाईंनी गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती.

डॉक्टरांनी आकडा ऐकून घेतला. एकट्या मिठानं झालं असं ते म्हणाले नाहीत. मिठानं झालं नाही, असंही म्हणाले नाहीत. सोमवारी उकंडरावांचं डायलिसिस सुरू झालं. पुढे आठवड्यातून दोनदा.

त्या सोमवारी दुपारी काजलनं आपल्या खोलीवर रांधून आणलेला घास त्यांना भरवला. त्यांनी दोनदा चावला आणि थांबले.

"हे तुह्या आईच्या हातचं नाही."

"नाही, बाबा. मी केलं."

"थे कुठं हाय?"

"बाहेर बाकड्यावर."

"बोलाव तिले."

काजल बाहेर गेली. "बाबा बोलवून राह्यले तुले."

"तू भरव," आशाबाई म्हणाल्या. "मी बसतो इथं."

काजल एकटीच आत आली. उकंडराव दाराकडे पाहत होते.