दोन साकेल्लारिस, एक तिकीट

या खेपेला मोठ्या माणसांनी एकच काम करायचं होतं, ते म्हणजे काहीच करायचं नाही. हे थेमेलीनाने भर जेवणाच्या टेबलावर, काट्याला टोचलेला ऑक्टोपसचा तुकडा नाचवत जाहीर केलं, आणि आई-बाबा, काका-काकू या चौघांपैकी कुणी तोंड उघडायच्या आत तो तुकडा गट्टमही केला.

"विमान मी बघते, हॉटेल मी बघते, पोरं मी बघते. तुम्ही फक्त यायचं."

"आणि बॅगा?" बाबांनी विचारलं.

"बाबा! फक्त यायचं."

थेमेलीना सोळाची. गेल्या वर्षापर्यंत वर्गात बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी तिचे कान लाल व्हायचे. पण वसंतात शाळेची सहल पात्मोस बेटावर गेली, वाऱ्यापायी बोटी बंद झाल्या, सर डोकं धरून बंदरावर बसले, आणि हीच बया उठून मठात गेली आणि सगळ्या वर्गाची राहायची, वर गरम सूपचीही सोय लावून आली. तेव्हापासून पोरीला जे पंख फुटले, ते मिटायचं नाव नाही.

आणि घरच्यांना पंखवालं कुणीतरी हवंच होतं. या माग्रिप्लिस घराण्याचा प्रवास म्हणजे ग्रीसमधल्या सगळ्या लेरोस बेटाची करमणूक. मागे दोन्ही घरं मिळून रोड्सला गेली होती. बाबा, म्हणजे मिकेस, बोट आधीच्या बेटावरून सुटायच्या आत सगळ्यांना धक्क्यावर उभं करून मोकळे. आणि काका, म्हणजे थ्रासोस, उगवले ते दोर सुटताना, हातात कॉफी घेऊन. त्यावरून जे जुंपलं ते थेट ईस्टरपर्यंत. घरं एकाच चढावर, एक वर एक खाली, पण भाऊ एकमेकांशी बोलेनात. आई आणि मार्गारोकाकू मात्र पोरांच्या हाती वाडगे पाठवत राहिल्या, नवऱ्यांना कळू न देता.

पोरं म्हणजे दोन साकेल्लारिस. आजोबांचं नाव साकेल्लारिस, तेव्हा मोठ्याच्या घरी पहिला मुलगा झाला तो साकेल्लारिस. धाकट्याच्या घरी झाला तोही साकेल्लारिस. दुसरं काय ठेवणार? आजोबा तेव्हा हयात होते आणि ऐकायला दारात बसले होते. दोघं सात वर्षांचे, दोघांचेही पुढचे दात पडलेले. थेमेलीनाचा भाऊ तो वरचा साकेल, काकांचा तो खालचा साकेल. गल्लीत कुणी नुसतं "साकेल!" म्हणून हाक मारली की दोघं पळत यायचे आणि शिक्षा व्हायची लक्षणं दिसली की दोघंही पळून जायचे.

या दोघांना लुनाबेला बघायचं होतं. इटलीतलं ते अवाढव्य खेळनगर, उलटे फिरणारे पाळणे, बर्फाचा किल्ला, पाण्यावरून धावणारी गाडी. वर्षभर दुसरा विषय नाही. आईने ऑक्टोबरच्या सुट्टीत जायला होकार दिला, कारण पाहुण्यांचा हंगाम संपलेला, तिच्या भाड्याच्या खोल्यांना कुलपं लागलेली. पण ती उलथणं उगारून म्हणाली, "एक सांगून ठेवते. जायचं तर सगळ्यांनी. एक माणूस जरी मागे राहिलं, तर सगळे तिथून परत. मी अर्ध्या कुटुंबाला घेऊन झोपाळ्यावर बसणार नाही."

"मागे कोण राहतंय, आई! मी आहे ना!"

आणि खरंच, काय ती आखणी! वाऱ्याचा भरवसा नको म्हणून आदल्या दिवशीच बोटीने कोस बेटावर जायचं, विमानतळाजवळच मुक्काम. काका घोरतात, त्यांची खोली थेट टोकाला. बाबांना उडायची भीती, त्यांना खिडकी नको, वाटेकडची जागा. काकूला दर तासाला भूक, तिच्यासाठी चीजच्या पोळ्यांचा डबा सामानाच्या अगदी वर. थेमेलीनाला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की बोटीत ती अनोळखी बायकांनाही सल्ले देत फिरली.

कोसच्या हॉटेलात पहिला अपशकुन म्हणावा तर एवढाच, की सकाळी ती आईला बोलवायला गेली तर आई पलंगाची चादर ताणून कोपरे दुमडत होती.

"आई! इथे ते करायला माणसं आहेत!"

"बघितले मी त्यांचे कोपरे," आई म्हणाली. "घडी म्हणतात का याला?"

थेमेलीनाने आईच्या हातातून उशी हिसकावली आणि तिला दंडाला धरून न्याहारीला नेलं. बाकी सगळं लोण्यासारखं. विमानतळावर पोहोचले तर बाबांनाही पुरेल इतका वेळ हाताशी. बाबांनी घड्याळ पाहिलं, काकांनी कॉफी घेतली, दोघंही खूश! थेमेलीना नाचायचीच बाकी होती.

बाबांचा मोबाइलातल्या तिकिटावर काडीचा विश्वास नव्हता. जिवंत माणसाच्या हातून कागद मिळाला तरच ते विमान खरं. म्हणून घरून चेक-इन न करता सगळे थेट काउंटरला. तिथे रोडांथी नावाची ठसठशीत बाई बसली होती. तिने पासपोर्टांचा गठ्ठा चाळला, बटणं दाबली, परत चाळला.

"सहा जणांची जागा आहे," ती म्हणाली. "तुम्ही सात दिसता."

थेमेलीना हसली. "सातच आहोत. मी स्वतः केलंय बुकिंग."

"केलं असशील गं बाई. पण साकेल्लारिस माग्रिप्लिस हे नाव दोनदा पडलं. यंत्राला वाटलं, चुकून एकच पोरगा दोनदा लिहिला. त्याने एक काढून टाकला."

"काढून टाकला म्हणजे? पोरगा आहे तो, पालेभाजीतली काडी आहे का?" काकू कडाडली.

थेमेलीनाने दोन्ही साकेलचे पासपोर्ट ओढून शेजारी शेजारी ठेवले. बुकिंग करताना किती झोकात टाइप केली होती तिने ती दोन नावं, एकाखाली एक, मनात जराही शंका न येता! यायची तरी कशी? जन्मभर घरात दोन साकेल.

"मग यातला कुठला काढला?" बाबांनी विचारलं.

"ते यंत्र सांगत नाही."

आणि इथे माग्रिप्लिस पेटले. थेमेलीनाला वाटलं, आता दोन्ही बाप आपापल्या पोरासाठी भांडणार. भांडले, पण भलतंच.

"थ्रासोस, तुझा जाईल," बाबा म्हणाले. "माझा राहतो माझ्याबरोबर."

"काय बोलतोस दादा! तुझा जाणार. तू मोठा."

"मोठा म्हणूनच सांगतोय!"

"सगळ्या बेटाने मला काय म्हणायचं? पुतण्याला धक्क्यावर सोडून स्वतःच्या पोराला फिरवून आणला?"

"आणि मला काय म्हणतील?"

"तुझं लोक ऐकतात! माझं कधी कुणी ऐकलंय?"

खानावळीत बिल कुणी द्यायचं यावरून हे दोघे असेच भांडायचे, वेटरच्या हातातून कागद ओढत. आज कागदाऐवजी पोरगा. बाबांनी एक पासपोर्ट पुढे सरकवला, काकांनी तो मागे ओढून दुसरा सरकवला. मागच्या रांगेतला एक म्हातारा काकांच्या बाजूने बोलू लागला, त्याची बायको बाबांच्या. भांडणापायी हाताशी होता तेवढा वेळ संपत आला, तेव्हा आईने बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला.

"थेमे, मी काय म्हणाले होते? चला परत. बोट मिळेल अजून."

"आई, थांब! पाच मिनिटं थांब ना!" थेमेलीना काउंटरवर जवळजवळ चढलीच. "रोडांथीताई, विमानात जागा आहे का ते सांगा आधी."

"एक आहे. अगदी शेवटच्या रांगेत, शौचालयाला लागून. पण यंत्र नाव घेत नाही. मुख्य कचेरीला विचारावं लागेल, आणि काउंटर बंद व्हायला आलंय."

"मग विचारा ना! मी आहे इथे!"

रोडांथीने फोन लावला. पलीकडचा साहेब कुठल्या देशात बसला होता देव जाणे, पण त्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. रोडांथी म्हणाली, "हो, दोन मुलं आहेत. हो, नाव एकच. नाही, जुळे नाहीत. चुलत. सर, आमच्याकडे असतं असं. माझ्या घरातच तीन रोडांथी आहेत!" मग फोनवर हात ठेवून तिने मान वर केली. "तो म्हणतो, दोन्ही मुलं डोळ्यांनी बघून सांग."

सगळे वळले. ट्रॉलीजवळ एकच साकेल उभा होता. हात मागे, चेहरा देवळातल्या मेणबत्तीसारखा.

"दुसरा कुठाय?" आईने विचारलं.

"कोण दुसरा?" साकेल म्हणाला. "मी एकटाच असतो."

रोडांथीची भुवई चढली. फोनमधला आवाज काहीतरी विचारत होता. काकूने छातीवर क्रूसाची खूण केली, बाबा खांबामागे धावले, काका कॉफीसकट दुसऱ्या खांबामागे. थेमेलीना मात्र भावासमोर उकिडवी बसली. तिने त्याला डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. तो दात नसलेल्या जागेतून हवा आत ओढत होता, म्हणजे खोटं बोलत होता.

"साकेल. कुठे लपवलास?"

"कुणाला?"

"तू नाही सांगितलंस तर दोघंही घरी."

ट्रॉलीवरचा कोटांचा ढीग शिंकला.

थेमेलीनाने कोट ओढले. खाली, काकूच्या पोळ्यांच्या डब्याला मिठी मारून, मुटकुळं करून खालचा साकेल पडला होता. तोंडाला चीज.

"मी सामान आहे," तो म्हणाला. "यंत्राला एकच पाहिजे ना? मग तो माणूस आणि मी सामान. जाताना मी, येताना तो. ठरलंय आमचं."

"चिठ्ठ्या टाकायचं म्हणत होतो," वरचा साकेल म्हणाला, "पण हा म्हणाला, पोळ्या त्याच्याजवळ राहणार असतील तर तो जातो खाली."

मग आई फुटली. आईचं हसू आधी आवाजाशिवाय येतं, खांदे हलतात, मग एकदम किंकाळी. तिला बघून काकू, काकूला बघून रांगेतला म्हातारा. रोडांथी डोळे पुसत फोनमध्ये ओरडली, "दोन आहेत सर! दोन! एक चीजने माखलाय!"

पलीकडून खटाखट बटणं दाबल्याचा आवाज. मग परत कुरकुर.

"मानलं त्याने," ती म्हणाली. "पण नावात काहीतरी फरक हवाच, नाहीतर यंत्र परत एकाला गिळेल."

"वरचा आणि खालचा लिहा," काका म्हणाले.

"यंत्राला तुमची चढण माहीत नाही हो."

"मग एक चीजवाला लिहा."

थेमेलीनाला हसू आवरत नव्हतं, आणि हसता हसताच तिने भावाचं कोपर धरलं. "ए, वर्गात बाई तुम्हा दोघांची हजेरी कशी घेतात रे? दोघं एकदम ओ देता?"

"नाही काही! बाबांचं नाव लावतात. साकेल्लारिस मिकेसचा. साकेल्लारिस थ्रासोसचा."

"ताई! बापाचं नाव घाला मधे! दोघांच्याही!"

रोडांथीने कपाळावर हात मारला आणि टाइप करायला घेतलं. काका लगेच काउंटरवर वाकले. "थ्रासोस नका लिहू हं. थ्रासिव्हूलोस. पूर्ण. इटलीत जातंय नाव."

"मग माझंही पूर्ण लिहा," बाबा म्हणाले.

"दादा, तुझं मिकेस तेच पूर्ण आहे."

"तरी नीट लिहा."

यंत्र थांबलं. त्याने विचार केला. सगळं कुटुंब, म्हातारा, म्हातारी, मागची रांग, सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग छपाईचं यंत्र खरखरलं, आणि एकामागून एक कागद बाहेर येऊ लागले. सातवा आला तेव्हा रांगेत टाळ्या पडल्या. रोडांथीने तो थेट आईच्या हातात दिला. आईने तो उलटसुलट पाहिला, खांद्यावरचा पट्टा उतरवून ट्रॉलीवर टाकला आणि म्हणाली, "आता उभे काय राहिलात? पळा!"

आणि माग्रिप्लिस पळाले. एरवी बाबा सगळ्यांत पुढे, काका शेवटी, पण या खेपेला धाकट्याचा हात मोठ्याच्या हातात होता, कारण काका कॉफी सांडत होते आणि बाबा त्यांना ओढत होते.

शेवटच्या रांगेतली जागा अर्थात थेमेलीनाने घेतली. शौचालयाचं दार दर दोन मिनिटांनी तिच्या गुडघ्याला लागत होतं. शेजारी एक जाडजूड गृहस्थ आधीच झोपलेले. तिने मान उंच करून पुढे पाहिलं. तिची सगळी सुंदर आखणी पार विसकटली होती. काकांनी बाबांना खिडकीत बसवलं होतं, "बघ तर, काही होत नाही" म्हणत. बाबा डोळे मिटून "बघतोय" म्हणत होते. काकू डबा उघडून अनोळखी माणसांना पोळ्या वाटत होती. दोन्ही साकेल एकाच सीटवर बसायच्या प्रयत्नात होते आणि हवाईसुंदरी त्यांना समजावत होती की आता त्यांच्याकडे दोन आहेत. पट्ट्यावरून वाद, खिडकीवरून वाद, कोट कुणाचा यावरून वाद. सगळ्या विमानाला ऐकू जाईल इतक्या आवाजात.

उठून जावं आणि एकेकाला जागेवर बसवावं म्हणून थेमेलीनाचा हात पट्ट्याकडे गेला. तेवढ्यात तिला दिसलं की आई वाटेकडच्या जागेवर, हात मांडीत ठेवून, बसली आहे. नुसती बसली आहे. समोर एवढा गोंधळ, आणि बाई काही करत नाही! एक पोळी मात्र खाते आहे.

थेमेलीनाने हात पट्ट्यावरून काढला.

विमान धावायला लागलं. पुढून बाबांचा आवाज आला, "अरे देवा!" आणि काकांचा, "डोळे उघड, दादा!" आणि मग चाकं सुटली, पोट खाली राहिलं, दोन्ही साकेल एका सुरात किंचाळले, आणि शेवटच्या रांगेतून, शेजारच्या गृहस्थाची झोप मोडून, थेमेलीना त्या दोघांहून मोठ्याने किंचाळली.