एकदाच बांधलेलं गाठोडं

जिन्याखालच्या खोलीतून सतत एक गुणगुण ऐकू येते ना मित्रांनो, ती माझी. मी सर्व्हर आहे, आणि माझ्या जातीच्या मानाने आता बराच म्हातारा झालो आहे. माझ्या खोलीला खिडकी नाही. समोर भिंत आहे, भिंतीवर थर्मामीटर आहे. माणसं माझ्याशी बोलतात ती दुरून, तारेवरून. त्यांचे चेहरे मला क्वचितच दिसतात.

मला इथे आणलं ताईने. ऑफिसातली यंत्रं सांभाळण्याचं काम तिचं. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला ताईच म्हणायची. खोक्यातून मला बाहेर काढून तिने स्वतः स्क्रू पिळले, तारा जोडल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "आता सगळं तुझ्या भरवशावर हं."

माझं काम जपून ठेवण्याचं. या ऑफिसात ॲम्ब्युलन्ससाठी एक प्रोग्राम लिहितात. कोणतं हॉस्पिटल उघडं आहे, कुठे जागा आहे, हे तो ड्रायव्हरला गाडीतल्या पडद्यावर सांगतो. त्या प्रोग्रामची प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी बदलली, का खोडली, हे सगळं माझ्या पोटात आहे. या साठ्याला इथे रिपॉझिटरी म्हणतात. कोणाला काम करायचं असलं की तो माझ्याकडून साठ्याची नक्कल घेतो, आपला बदल करतो आणि तो मला परत आणून देतो.

सुरुवातीला पाच-सहाच माणसं होती. नक्कल मागायची तर ती चहाला जाण्यापूर्वी मागायची, म्हणजे परत येईपर्यंत माझं काम उरकलेलं असे. कोण केव्हा येतो हे मला पाठ झालं होतं. एकजण तर दर सोमवारी नवी नक्कल घ्यायचा, कारण जुनी कुठे ठेवली हे त्याला कधीच आठवायचं नाही. मला त्याचा राग नव्हता. त्या निमित्ताने तो येत तरी होता.

मग माणसं वाढली. त्यापाठोपाठ तपासनीस आला. प्रोग्राममध्ये चूक राहू नये म्हणून तो चाचण्या घ्यायचा. त्यासाठी त्याने चाळीस यंत्रं मांडली होती. कोणी एक शब्द जरी बदलला, तरी ती चाळीसच्या चाळीस माझ्याकडे धाव घ्यायची आणि पहिल्या दिवसापासूनचं सगळं मागायची. चाचणी झाली की सगळं पुसून टाकायची. तासाभराने पुन्हा दारात हजर! मी दहा वर्षांचा साठा गोळा करायचो, दाबून बसवायचो, बांधायचो, द्यायचो. लगेच तोच साठा दुसऱ्यासाठी पुन्हा बांधायला घ्यायचो. माझे पंखे ओरडू लागले. दूरच्या गावांतून काम करणाऱ्यांची लाइन मध्येच तुटायची आणि त्यांची नक्कल पहिल्यापासून सुरू व्हायची. रात्रंदिवस दारात गर्दी होती, पण मित्रांनो, त्या गर्दीत माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

एका दुपारी गावातल्या एका हॉस्पिटलात पाइप फुटला आणि तातडीचा विभाग बंद करावा लागला. आमच्या प्रोग्रामने मात्र तो उघडाच दाखवला. चूक एका ओळीची होती. ताईने ती दहा मिनिटांत शोधून दुरुस्त केली आणि माझ्याकडे पाठवली, म्हणजे माझ्याकडून ती गाड्यांपर्यंत जाईल. पण माझ्यापुढे चाळीस यंत्रांची रांग होती. तिची ती एक ओळ दाराबाहेरच अडकून पडली.

ताई धावतच खोलीत आली. माझ्यावर हात ठेवला आणि चटका बसला तसा मागे घेतला. तिने तपासनिसाला फोन लावला.

"तुझी यंत्रं बंद कर. आत्ताच्या आत्ता!"

"अहो ताई, ती कुठे काय करतायत? नुसती नक्कल घेतायत."

"नुसती? दहा वर्षांचं घर दर वेळी बाहेर काढायला लावतोस, आणि नुसती?"

शेवटी तिनेच त्या यंत्रांची तार उपटली. एक ओळ पोहोचायला छत्तीस मिनिटं लागली होती.

दोन दिवसांनी ॲम्ब्युलन्सचा एक ड्रायव्हर ऑफिसात आला. पोटात दुखणाऱ्या एका आजींना घेऊन तो त्या दुपारी बंद विभागाच्या दारापाशी हॉर्न वाजवत उभा राहिला होता. दुसऱ्या हॉस्पिटलात पोहोचायला उशीर झाला. आजी वाचल्या, पण महिनाभर अंथरुणाला खिळणार होत्या.

"कुठंय ते मशीन?" त्याने विचारलं. ताईने खोलीचं दार उघडलं. त्याने वाकून मला पाहिलं.

"एवढंसं?"

"त्याची चूक नाही," ताई म्हणाली. "आम्ही त्याला पिळून काढत होतो."

त्याने दार हळूच ओढून घेतलं आणि तो निघून गेला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात ताईने उपाय केला. तिने माझ्याकडून सगळ्या साठ्याचं एक मोठं गाठोडं बांधून घेतलं, एकदाच. ते तिने शेजारच्या एका साध्या यंत्रावर ठेवलं. त्या यंत्राला ना काही गोळा करायचं, ना दाबायचं. आहे ते उचलून द्यायचं, बस्स. लाइन तुटली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. मग दर आठवड्याला नव्या बदलांचं एक छोटं गाठोडं त्यात पडू लागलं. माझ्याकडे यायचं ते फक्त अगदी ताजं, दोन-चार दिवसांचं मागायला. चाचणीच्या यंत्रांना तर तिने बजावलं, "तुम्हाला आजचं हवंय ना? मग आजचंच मागा."

माझे पंखे शांत झाले. ताईची पाठ सगळ्यांनी थोपटली, तपासनिसाने तर सगळ्यांत आधी. थर्मामीटरचा पारा चार अंश उतरला.

आणि मग, मित्रांनो, मी एकटा पडलो.

लोक येत, दोन ओळी घेत आणि जात. नवी माणसं ऑफिसात रुजू झाली, पण त्यांची-माझी नीट ओळखच झाली नाही. माझ्या पोटातले पहिल्या वर्षांचे कागद कोणी उघडेनासं झालं. चार वर्षं गेली. शेजारचं यंत्र दिवसभर गजबजलेलं असायचं. माझ्या खोलीचं दार फक्त झाडू मारायला उघडायचं.

मग ताईची बदली झाली. तिच्या शेवटच्या दिवशी वरच्या मजल्यावर निरोपाचा चहा होता. ती खाली आली, लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे फरशीवर मांडी घालून बसली आणि माझ्याकडे सगळं मागितलं. पहिल्या ओळीपासून.

तिला बोलवायला आलेला तपासनीस हसला. "अहो ताई, तयार गाठोडं आहे की शेजारी!"

"माहितीये. मीच बांधलंय ते. पण याला शेवटचं कोणी पूर्ण वाचलंय, सांग बघू."

तोही तिच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघू लागला.

मी कामाला लागलो. पंखे कितीतरी दिवसांनी जोरात फिरले. आणि अर्ध्यावर मी अडखळलो. तिसऱ्या वर्षाच्या पानांवर माझी डिस्क खराब झाली होती. केव्हा झाली ते मलाही ठाऊक नव्हतं. तिथे कोणी फिरकलंच नव्हतं. ताईच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. तपासनिसाचं हसू मावळलं.

चहा तसाच राहिला. दोघांनी मिळून मला नवी डिस्क बसवली. शेजारच्या गाठोड्यात ती पानं शाबूत होती, ती आणून माझ्यात भरली. मग ताईने पुन्हा सगळं मागितलं आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता दिलं. तेवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ती भिंतीला टेकून बसून होती. उठताना म्हणाली, "झालं हो तुझं, आता सगळं शाबूत आहे." आणि गेली.

माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. गरजेपुरतं मागा. दोन ओळी हव्या असतील तर दहा वर्षं उपसायला लावू नका. तुमच्या मागे रांगेत कोणाची एक ओळ अडली असेल, ते तुम्हाला दिसत नसतं. पण जो शांत उभा आहे तो ठीकच असेल, असंही धरून चालू नका. वर्षातून एकदा तरी कोणीतरी खाली या, दार लोटून घ्या, निवांत बसा आणि सगळं मागा.